धम्मपदातील ‘तगर’ : फूल की मूळ?

धम्मपदाच्या पुप्फवग्गात ५४, ५५ आणि ५६ या लागोपाठच्या तीन गाथांत ‘तगर’ हा शब्द येतो. फुलांचा, चंदनाचा, तगराचा गंध वाऱ्याबरोबरच वाहतो. सत्पुरुषांच्या शीलाचा गंध मात्र वाऱ्याच्या उलटही जातो आणि म्हणून तो सर्व गंधांत श्रेष्ठ होय, असा या गाथांचा आशय आहे. आपल्या विहारांतून या गाथांचे पठण इतक्या वेळा होते की त्यांतील एखाद्या शब्दाविषयी शंका घ्यावी असे सहसा कोणाला वाटत नाही. प्रस्तुत लेखकालाही ते वाटले नव्हते. वर्षावासातील धम्मपदाच्या वर्गात एका वयोवृद्ध उपासिकेने ती शंका उपस्थित केली. विहाराच्या कुंपणालगत तगरीची झाडे आहेत. त्यांची ओंजळभर पांढरी फुले पुढे करून त्या म्हणाल्या, “सर, मी रोज हीच फुलं वाहते. याला तर वासच नाही. मग भगवंतांनी चंदनाच्या जोडीला हेच फूल का घेतलं?” तगरीला रात्री थोडा सुगंध असतो, असे उत्तर मी दिले. त्यावर त्या म्हणाल्या, “असतो थोडा, पण चंदनाच्या पंगतीला बसेल एवढा नाही.”

त्यांचे म्हणणे खरे होते. या प्रश्नाचे समाधान शोधताना जे हाती आले, ते येथे मांडत आहे.

आज ‘तगर’ या एकाच नावाने दोन अगदी भिन्न वनस्पती ओळखल्या जातात. पहिली आपल्या परिचयाची. घराच्या अंगणात, देवळाच्या व विहाराच्या आवारात लावले जाणारे हे सदाहरित झुडूप पुरुषभर किंवा त्याहून थोडे उंच वाढते. पाने गर्द हिरवी व तकतकीत असतात; पान किंवा डहाळी मोडली की पांढरा चीक येतो. फुले शुभ्र असून त्यांच्या पाच पाकळ्या भिंगरीसारख्या एका बाजूस वळलेल्या असतात. दुहेरी पाकळ्यांची जातही बागांतून आढळते. वनस्पतिशास्त्रात हिला ‘टॅबर्नेमोंटाना डिव्हॅरिकाटा’ म्हणतात. ‘टॅबर्नेमोंटाना कोरोनेरिया’ हे तिचेच जुने नाव. कण्हेर, सदाफुली आणि सातवीण यांच्या कुळातील ही वनस्पती होय. संस्कृतात तिला ‘नंद्यावर्त’ हे नाव आहे व ते तिच्या वळलेल्या पाकळ्यांना शोभणारे आहे.

दुसरी तगर आपल्याला झाडाच्या रूपात दिसत नाही, काष्ठौषधींच्या दुकानात मुळाच्या रूपात मिळते. हिचे शास्त्रीय नाव ‘व्हॅलेरियाना जटामांसी’ किंवा ‘व्हॅलेरियाना वॉलिची’. काश्मीरपासून भूतानपर्यंत हिमालयाच्या मध्यम उंचीवर, साधारणतः १,५०० ते ३,००० मीटरपर्यंत, ही बहुवर्षायू वनस्पती उगवते. उंची जेमतेम हात-दीड हात. जमिनीलगतची पाने हृदयाकृती, फुले बारीक, पांढरी किंवा गुलाबी छटेची. पण तिची खरी संपत्ती जमिनीखाली आहे. बोटाएवढे जाड, गाठाळ, वेडेवाकडे, तपकिरी रंगाचे मूळ उकरून वाळवितात. शास्त्रीय परिभाषेत हा मूलस्तंभ होय, परंतु व्यवहारात त्याला मूळच म्हणतात. ओले असताना त्याचा वास सौम्य असतो. वाळू लागले की त्यातील घटकांचे विघटन होऊन तो उग्र होतो आणि दीर्घकाळ टिकतो. नेपाळात हिला ‘सुगंधवाल’ म्हणतात.

सोयीसाठी या लेखात झुडपाला ‘तगरी’ व मुळाला ‘तगरमूळ’ असे म्हटले आहे. प्रश्न असा की, पालि वाङ्मयातील तगर यांपैकी कोणते?

पालि टेक्स्ट सोसायटीचा ऱ्हिस डेव्हिड्स आणि स्टीड यांचा कोश १९२१ ते १९२५ या काळात प्रसिद्ध झाला. त्यात तगर म्हणजे ‘टॅबर्नेमोंटाना कोरोनेरिया’ हे झुडूप आणि त्यापासून मिळणारे सुगंधी चूर्ण, असा अर्थ दिला आहे. मोनिअर-विल्यम्स यांच्या संस्कृत कोशातही हेच आढळते. मॅक्समूलर यांनी १८८१ मध्ये ‘सेक्रेड बुक्स ऑफ द ईस्ट’ या मालेतून धम्मपदाचा अनुवाद प्रसिद्ध केला, तेव्हा ५४व्या गाथेत तगर व मल्लिका ही दोन्ही फुले ठरविली. पुढील अनेक अनुवादांत हीच परंपरा चालू राहिली. मराठी वाचकाला तर कोशाचीही गरज पडत नाही; अंगणात तगर उभी आहे आणि वग्गाचे नाव पुप्फवग्ग आहे, मग तगर म्हणजे फूल हे जणू सिद्धच झाले.

परंतु कोशातील अर्थ नीट वाचला की अडचण ध्यानात येते. झुडपापासून मिळणारे सुगंधी चूर्ण ते कोणते? तगरीचे लाकूड सुगंधी नाही, साल सुगंधी नाही, मूळ कडू आहे पण सुगंधी नाही. फुलांचा रात्रीचा मंद वास चूर्णात उतरण्याजोगा नाही. ग्रंथात तगर हे धूपाचे व उटीचे द्रव्य म्हणून येते, ही गोष्ट कोशकारांना ठाऊक होती; लोकभाषेत तगर हे झुडपाचे नाव आहे, हीही त्यांना ठाऊक होती. या दोन गोष्टी त्यांनी एकमेकींना जोडल्या, एवढेच. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. अशा हजारो शब्दांचा कोश रचणाऱ्याने प्रत्येक मुळाचा वास घेऊन पाहावा, ही अपेक्षा गैरवाजवी ठरेल.

आता मूळ ग्रंथांकडे वळू. ५४व्या गाथेचा संदर्भ अंगुत्तरनिकायाच्या तिकनिपातात सापडतो. आयुष्मान आनंद भगवंतांना म्हणतात की, तीन प्रकारचे गंध वाऱ्याच्या दिशेनेच वाहतात : मूलगंध, सारगंध आणि पुप्फगंध. वाऱ्याच्या उलट जाणाराही एखादा गंध आहे काय, असे ते विचारतात. त्याला उत्तर म्हणून शीलवान उपासक-उपासिकांच्या कीर्तीचे वर्णन येते आणि त्यानंतर हीच गाथा येते. धम्मपदाची अट्ठकथाही या गाथेचे निमित्त म्हणून आनंदांचा हाच प्रश्न सांगते. गद्यात तीन गंध आहेत. गाथेत प्रथम सामान्यतः पुष्पगंधाचा उल्लेख, मग चंदन, तगर आणि मल्लिका. चंदन म्हणजे झाडाचा गाभा, अर्थात सारगंध. मल्लिका म्हणजे मोगऱ्याच्या जातीचे फूल, अर्थात पुष्पगंध. तगराला फूल मानले तर मूलगंधाचा प्रतिनिधी गाथेत उरतच नाही. आनंदांच्या प्रश्नातील पहिलाच प्रकार अनुत्तरित राहतो. तगर हे मूळ मानले की तिन्ही प्रकार बरोबर जुळतात.

‘तगरमल्लिका’ या समासामुळेही गैरसमज झालेला असावा. हा द्वंद्व समास आहे : तगर आणि मल्लिका. अट्ठकथाकार हे दोन स्वतंत्र गंध मानतात. द्वंद्वातील एक पद फुलाचे आहे म्हणून दुसरेही फुलाचेच असले पाहिजे, असा नियम नाही. शिवाय ५५व्या गाथेत तगर पुन्हा चंदनाशेजारी येते आणि उप्पल व वस्सिकी ही फुले त्यांच्यानंतर येतात. ५६व्या गाथेत तर फुले नाहीतच, केवळ तगर आणि चंदन यांची जोडी आहे. तीन गाथांत तीनही वेळा चंदनाशी सोबत! फुलाच्या पाकळ्यांसमवेत येणाऱ्या द्रव्यापेक्षा गंध्याच्या दुकानातील द्रव्याला ही सोबत अधिक शोभते.

सर्वांत सबळ पुरावा मात्र विनयपिटकात आहे आणि धम्मपदाच्या चर्चेत त्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. महावग्गाच्या भेसज्जक्खंधकात एका भिक्खूच्या नेत्ररोगाचा प्रसंग आहे. भगवंत अंजनाची अनुज्ञा देतात. कोणकोणते अंजन चालेल ते सांगितले आहे. त्यांत गेरू आहे, दिव्याची काजळीही आहे. पुढे अंजनाबरोबर वाटून मिसळण्यासाठी सुगंधी द्रव्यांची आवश्यकता भासते, तेव्हा पाच द्रव्यांना अनुमती मिळते : चंदन, तगर, काळानुसारिय, तालीस आणि भद्दमुत्तक. या पाचांकडे एकत्र पाहावे. चंदन हा गाभा, तालीस हे पान, भद्दमुत्तक म्हणजे नागरमोथा, त्याचा जमिनीखालील कंद उपयोगाचा. काळानुसारिय हे संयुत्तनिकायाच्या मग्गसंयुत्तात सर्व मूलगंधांत अग्र म्हणून सांगितले आहे. म्हणजे तेही मूळच. (अमरकोशात ‘कालानुसार्य’ हा शब्द शैलेयाचा, म्हणजे दगडफुलाचा पर्याय म्हणून येतो, परंतु दगडफुलाला मूळच नसल्याने तो अर्थ पालि ग्रंथांना लागू पडत नाही.) या यादीत एकही फूल नाही. सर्व द्रव्ये वाळवून साठविता येतील, उगाळता किंवा कुटता येतील, अशी आहेत. त्यांत तगरमूळ सहज सामावते. तगरीचे फूल उपरे वाटते.

हा प्रसंग तेथेच संपत नाही आणि तो मुळातून वाचण्यासारखा आहे. भिक्खू अंजनाचे चूर्ण उघड्या थाळ्यांत ठेवू लागले, त्यात धूळ व गवताच्या काड्या पडू लागल्या. म्हणून अंजनदाणीची अनुज्ञा झाली. काही भिक्खूंनी सोन्यारूप्याच्या दाण्या वापरल्या, लोकांनी नावे ठेवली. मग हाड, शिंग, वेळू, लाकूड, लाख, तांबे, शंख अशा पदार्थांच्या दाण्या विहित झाल्या. झाकण नव्हते, झाकण आले. बोटाने अंजन घालताना डोळ्यांना त्रास होई, सळई आली. रुग्णाच्या प्रत्यक्ष अडचणीतून एकेक नियम कसा घडत गेला, याचे इतके बोलके उदाहरण विनयातही थोडेच सापडेल.

इतिवुत्तकातील एका उपमेचाही येथे विचार केला पाहिजे. सज्जनांच्या संगतीने मनुष्य सज्जन होतो हे पटविताना म्हटले आहे की, पानात तगर बांधले तर पानेही सुगंधित होतात. उलट कुशाने कुजलेला मासा बांधला तर कुशालाही दुर्गंधी येते. ‘पलास’ या शब्दाचा पालीत सामान्य अर्थ ‘पान’ असा आहे. पळसाचे पान असाही घेता येतो. आपल्याकडे फुलांची पुडी पळसाच्या पानात बांधण्याची रीत होतीच, तेव्हा केवळ या उपमेवरून तगर हे फूल नव्हे असे म्हणता येणार नाही. तथापि तगरीचे फूल पानात बांधून सोडले तर पानाला कोणता वास राहील, हे वाचकांनी स्वतःच करून पाहावे. मी दोन्ही करून पाहिले. फुलांच्या पुडीतील पानाला पानाचाच वास राहिला. तगरमुळाची पुडी सोडल्यावर मात्र ते मूळ काढून टाकल्यानंतरही पानावर वास दरवळत होता. ही काही प्रयोगशाळेतील परीक्षा नव्हे, पण उपमा ज्याने योजली त्याच्या अनुभवाच्या ती जवळ जाते.

आयुर्वेदाची परंपरा याच निष्कर्षाला दुजोरा देते. चरकसंहितेत तगर हे शीतप्रशमन, म्हणजे थंडीने आलेला गारठा घालविणाऱ्या दहा द्रव्यांत अगरूच्या सोबतीने सांगितले आहे. सुश्रुताच्या एलादि गणात ते वेलदोडा, कोष्ठ, जटामांसी अशा सुगंधी द्रव्यांबरोबर येते. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत सुगंधी द्रव्यांच्या मिश्रणावर एक स्वतंत्र अध्याय आहे, तेथेही तगर आहे. सोळाव्या शतकातील भावप्रकाशात त्याचे पर्याय कालानुसार्य, कुटिल, नत असे दिले आहेत. ‘कुटिल’ आणि ‘नत’ ही दोन्ही नावे वाकडेपणाची. वेड्यावाकड्या मुळाला यापेक्षा चपखल नाव कोणते असेल? भावमिश्र तगराचे दोन प्रकार सांगतो आणि विष, अपस्मार, मस्तकाचे व डोळ्यांचे रोग यांवर ते उपयुक्त मानतो. विनयात ज्या डोळ्यांच्या रोगासाठी तगराला अनुमती आहे, तोच रोग दीड-दोन हजार वर्षांनंतरच्या निघंटूत पुन्हा यावा, ही परंपरेच्या सातत्याची खूण होय. भारतीय आयुर्वेदिक औषधिकोशातही तगर म्हणजे व्हॅलेरियानाचाच मूलस्तंभ असे ठरलेले आहे.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे नोंदविला पाहिजे. डोळ्यांवरील उपयोग तगरीचाही आहे. दक्षिणेत, विशेषतः केरळात, नंद्यावर्ताची फुले पाण्यात भिजवून त्या पाण्याने डोळे धुण्याची प्रथा प्रसिद्ध आहे. तिचा चीक व मुळीही लोकवैद्यकात वापरतात, कडू मुळी दातदुखीवर चघळतात. तेव्हा नेत्ररोगाच्या उल्लेखावरून एकट्याने निर्णय होत नाही. परंतु विनयातील पाच द्रव्ये अंजनाला सुगंधी जोड देण्यासाठी आहेत आणि निर्णय करणारी गोष्ट गंध ही आहे. त्या कसोटीला तगरी उतरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक स्वाभाविक आहे. तगरमूळ ज्यांनी हुंगले आहे त्यांतील पुष्कळांना तो वास सुगंध वाटत नाही. प्रथम नाकात शिरतो तो मातकट, काहीसा जुनाट, घामट वास. मांजरांना मात्र तो विलक्षण आवडतो! पण गंधाची आवड काळानुसार बदलते. आजच्या अत्तरांची व उदबत्त्यांची सवय झालेल्या नाकाला जटामांसी, कोष्ठ, वेखंड यांचेही वास उग्र वाटतात. प्राचीन गंधशास्त्रात याच द्रव्यांना मानाचे स्थान होते. हिमालयाच्या पायथ्याच्या प्रदेशात तगरमूळ आजही धूपात घालतात. शाक्य, कोसल व मगध या भागांना हा पर्वत जवळचा. तेथून उतरणाऱ्या व्यापाऱ्याच्या गाठोड्यातील वाळलेले, दूरवर वास पसरविणारे मूळ तत्कालीन श्रोत्यांच्या ओळखीचे असणार.

नावांची गल्लत आपल्याच देशात झाली असे नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस सर विल्यम जोन्स यांनी जटामांसीचा शोध घेताना जी वनस्पती मिळाली तिलाच जटामांसी समजून तसे नाव दिले. खरी जटामांसी निराळी, ‘नार्डोस्टॅकिस’ या प्रजातीतील. त्यामुळे आज तगराच्या शास्त्रीय नावात जटामांसी शिरून बसली आहे. दुकानदारही कधी एकाच्या जागी दुसरे देतो.

आणखी एक मोह टाळायला हवा. धाराशिव जिल्ह्यातील तेर हे प्राचीन ‘तगर’ नगर होय. ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात त्याचा उल्लेख आहे, तेथून भडोचला कापड जात असे आणि तेरच्या बौद्ध अवशेषांचे महत्त्व सर्वज्ञात आहे. म्हणून या नगराचे नाव सुगंधी तगरावरून पडले, असे म्हणण्याचा मोह होतो. केवळ ध्वनिसाम्यावर असा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे. तगरसिखी या पच्चेकबुद्धाच्या नावाची गोष्ट वेगळी. तेथे तगर हा शब्द निःसंशय नावाचा घटक आहे. उदानातील सुप्पबुद्ध कुष्ठरोग्याने पूर्वजन्मी याच तगरसिखींचा ‘हा कोण कुष्ठरोगी’ असे म्हणून अवमान केला होता, हे वाचकांना स्मरत असेल.

विनयाच्या दृष्टीने तगराचे स्थान मोठे सूचक आहे. माला-गंध-विलेपनापासून विरती हे अट्ठसीलाचे व दससीलाचे अंग. त्यामुळे शरीराच्या शोभेसाठी तगराची उटी भिक्खूला वर्ज्य. परंतु तेच तगर डोळ्यांच्या औषधात विहित. उपासकांनी गंध अर्पण केला तर तो घेऊन दारावर पाच बोटांचा ठसा उमटवावा, अशी अनुज्ञा चुल्लवग्गात आहे. द्रव्य एकच, ते कशासाठी वापरले यावर नियम अवलंबून आहे.

या चर्चेला एक व्यावहारिक बाजूही आहे आणि हा लेख लिहिण्याचे तातडीचे कारण तेच. ‘बुद्धांनी डोळ्यांसाठी तगर सांगितली’ असे वाक्य व्याख्यानांतून ऐकू येते. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे अंगणातील तगरी उभी राहते. तिच्या पाना-मुळांत तीव्र अल्कलॉइडे आहेत व तिचा चीक डोळ्यात जाणे धोक्याचे आहे. विनयाचा आधार सांगून कोणी तो प्रयोग करू नये. तगरमुळाचेही तसेच. युरोपात व्हॅलेरियानाची एक जात निद्रानाशावर शतकानुशतके वापरली जाते आणि तगरमूळ तिचा पर्याय मानले जाते. आधुनिक परीक्षणांचे निष्कर्ष काहीसे अनुकूल असले तरी निर्णायक नाहीत. झोपेची किंवा अपस्माराची औषधे चालू असणाऱ्यांनी वैद्याच्या सल्ल्यावाचून ते घेऊ नये.

अनुवादकांना सुचवावेसे वाटते की, धम्मपदाच्या मराठी आवृत्तीत ‘तगर’ हा शब्द तसाच ठेवावा. ‘तगरीचे फूल’ असे करू नये. तळटीप द्यावयाची झाल्यास ‘हिमालयातील एका वनस्पतीचे सुगंधी मूळ’ एवढे पुरे. ५४व्या गाथेच्या टीपेत मूळ, गाभा व फूल या तीन गंधांचा उल्लेख अवश्य यावा, म्हणजे आनंदांचा प्रश्न वाचकाला कळेल.

पुढील रविवारी वर्गात तगरमुळाचा एक तुकडा नेला होता. त्या उपासिकेने तो हुंगला, नाक मुरडले आणि पदराच्या टोकाला गाठ मारून घरी नेला. त्यानंतरच्या रविवारी त्यांनी सांगितले की लुगडे धुतले तरी वास जात नाही. विहारात त्या अजूनही तगरीचीच फुले आणतात.